तेविसावी नोंद

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आजपासून पुन्हा कामाला लागलो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. अडुसष्टाव्या वर्षी कुणाला आपली गरज पडेल असं वाटलं नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस, दहा ते चार. डबा घरचा.

डॉ. राजलक्ष्मी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या कागदांचे आणि फिल्मचे चाळीस खोके एका संशोधन संस्थेने घेतले आहेत. माणूस हलतो कसा, आणि हलण्याआधी मनात ठरवतो कसा, एवढ्या एका प्रश्नावर बाईंनी आयुष्य घालवलं. इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगरला बसस्टँडसमोर रस्ता ओलांडणारे लोक, गजरे करणाऱ्या बायकांची बोटं, आणि नव्वद साली आमच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातले कामगार, सगळ्यांची फिल्म घेऊन ठेवली आहे. कारखान्यातल्या फिल्म बघून त्यांत काय चाललंय ते सांगणारा माणूस संस्थेला हवा होता. तो मी. कारखाना आता बंद आहे, साहेब लोक बहुतेक वर गेले, उरलो मी.

माझं काम होतं टाइम स्टडी. स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं, कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला किती सेकंद लागतात ते टिपायचं आणि फुकट जाणारा वेळ काढून टाकायचा. कामगार मला घड्याळवाले म्हणायचे. पाठीमागे आणखी काय म्हणायचे ते त्यांना ठाऊक.

इथली मुख्य मेघाश्री नावाची मुलगी आहे. चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरातली, म्हणजे आमच्यासारखीच, निम्मं मराठी निम्मं कन्नड. मला म्हणाली, घाई नाही, स्वल्प स्वल्प बघा. मार्चअखेर सगळं वेबसाइटवर जाणार आहे, तोवर प्रत्येक फिल्मखाली चार-पाच ओळी लिहून हव्यात.

उल्काला आनंद झाला. आता माझ्या पोळ्यांचं टायमिंग तरी कुणी घेणार नाही, म्हणाली. एका पोळीला तिला एकोणपन्नास सेकंद लागतात. त्यातले सहा सहज वाचतील, पण सांगायची सोय नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

शिवाजीनगरच्या फिल्म पाहिल्या. एक धोतरवाले आजोबा फुटपाथच्या कडेला उभे आहेत. पाय पुढे टाकतात, मागे घेतात. असं अकरा वेळा. बाराव्या वेळी एकदम चालू पडतात आणि बरोबर दोन बसच्या मधून पार होतात. राजलक्ष्मीबाईंनी चालण्याचा वेळ मोजलेलाच नाही. मोजलाय तो त्या अकरा वेळांचा. त्यांच्या पुठ्ठ्याच्या कार्डावर इंग्रजीत लिहिलंय की माणूस काहीच करत नाही असं दिसतं, तेव्हा तो सगळ्यांत मोठं काम करत असतो.

बाई विद्वान होत्या, पण कारखाना त्यांना कळला नाही. आमच्या खात्यात कुणी असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मंडळाच्या हळदीकुंकवाहून उल्का पापडांची दोन पाकिटं घेऊन आली. दरवर्षी आणते, चांगले असतात. कोण करतं विचारलं तर म्हणाली, आहे एक होसकोट्याची. पुढे काही बोलली नाही. बायकांचं हे असं तुटक उत्तर म्हणजे दुकानदारीत घासाघीस झालेली असणार.

सोमवार, २० जानेवारी

आज चौदा नंबरची फिल्म लागली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. माझं सगळ्यांत चांगलं काम.

मार्च नव्वद, प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून झाकणं काढायचं खातं. दोन बायका एका प्रेसवर. अलीकडून भागीरथी पत्रा सरकवते आणि पायाने पायडल दाबते, वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, धाडकन खाली येतो. पलीकडून वासंती आत हात घालून तयार झाकण उचलते. मग पुन्हा पत्रा. एका नगाला नऊ सेकंद. फिल्ममध्ये एकूण चाळीस नग आहेत. राजलक्ष्मीबाई कॅमेऱ्यामागे होत्या, मी त्यांच्या बाजूला स्टॉपवॉच घेऊन.

पत्रा जागेवर बसल्यावर भागीरथी लगेच पायडल दाबत नसे. पाऊण सेकंद थांबायची. प्रत्येक वेळी. मी ते धरलं आणि काढून टाकलं. पाळीत पावणेतीनशे नग जास्त निघायला लागले. जूनपासून नवा नॉर्म, म्हणजे पाळीला ठरलेले नग, लागू झाला, बोर्डावर माझं नाव लागलं, मोठ्या साहेबांनी हात मिळवला.

मेघाश्रीने विचारलं, ती का थांबते, सर?

मी तिला समजावलं. घड्याळवाला मागे उभा राहिला की कामगार मुद्दाम हळू करतो, म्हणजे नॉर्म सैल लागतो. आमची निम्मी कला म्हणजे ही लबाडी ओळखणं. तिने मान हलवली आणि विचारलं, थांबल्यावर ती बघते कुठे? कुठे बघणार, प्रेसकडे, मी म्हटलं. तिने फिल्म पुन्हा लावली नाही. हल्लीच्या मुलांना एका गोष्टीवर लक्ष टिकवता येत नाही.

त्याच प्रेसवर पुढे सप्टेंबरात अपघात झाला. वासंतीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशी झाली, पायडल दाबणारी भागीरथी होती म्हणून ती दोषी ठरली आणि तिला काढलं. वाईट झालं. पण माझ्या टाइम स्टडीचा त्याच्याशी संबंध नव्हता, तसं चौकशीतच निघालं. मेघाश्रीने विचारलं नव्हतं, मीच आपणहून सांगितलं.

बुधवार, २२ जानेवारी

मेघाश्रीने एक कागद पुढे ठेवला. चौकशीच्या निकालाची प्रत, राजलक्ष्मीबाईंच्या खोक्यातली. त्यांनी ती कुठून आणि कशाला मिळवली, देव जाणे. 'चालक भागीरथी हिच्या निष्काळजीपणामुळे' असं त्यात लिहिलं आहे.

ती म्हणाली, "सर, चौदा नंबरखाली लिहायला माझ्याकडे एवढा एकच कागद आहे. तुम्ही दुसरं काही दिलं नाही तर हेच टाकावं लागेल, नावासकट. मग ते कायमचं तिथं राहणार. टाकू?"

टाका, म्हटलं. चौकशीचा निकाल म्हणजे निकाल. तिने पेन खाली ठेवलं आणि मार्चअखेरपर्यंत वेळ आहे म्हणाली. मला या मुलीचा स्वभाव कळत नाही. एवढं गोड बोलते, आणि आपण काही चोरी केल्यासारखं वाटून घरी यावं लागतं.

डबा तसाच परत आणला. उल्काने विचारलं, भाजी बिघडली होती का.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आठवडाभर सर्दीचं निमित्त करून गेलो नव्हतो. आज गेलो तर माझीच नोंदवही काढून ठेवलेली. म्हणजे मी भरलेला टाइम स्टडीचा तक्ता, चाळीस रकाने, माझं त्या वेळचं टपोरं अक्षर. बघून क्षणभर बरं वाटलं.

तेविसाव्या रकान्यावर लाल पेन्सिलीची काट आहे. बारा सेकंद. बाकी सगळे साडेआठ ते साडेनऊच्या मध्ये आणि हाच एक बारा. आमचा नियम होता, सगळ्यांच्या रांगेत न बसणारं माप अपवाद म्हणून खोडायचं आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. शिकाऊ असतानाच तो हाताला लागतो. मी खोडलं, त्यात काही चूक नाही.

मेघाश्रीला म्हटलं, तेविसावा नग दाखव. तिने संगणकावर एकेक चौकट पुढे सरकवायचं शिकवलं आणि स्वतः कॉफी आणायला गेली. बराच वेळ आली नाही.

वासंतीची बांगडी झाकणाच्या कडेत अडकली आहे. ती हात ओढते, निघत नाही. तिचा हात डायखाली आहे. भागीरथीचा पाय पायडलच्या वर आहे, उचललेला. ती थांबली आहे. डोळे प्रेसकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत. ती पलीकडच्या हाताकडे बघते आहे. बांगडी सुटते, हात बाहेर येतो, आणि मग पाय खाली जातो.

मग मी पहिल्या नगापासून सगळे पाहिले. चाळीसच्या चाळीस वेळा ती तिथेच बघते. हात बाहेर पडला की पाय खाली. पाऊण सेकंद म्हणजे फिल्मच्या अठरा चौकटी, आणि त्या अठरांमध्ये तिचं दुसरं काहीच चाललेलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. मनाशी मी हिशोब असा मांडतो. एक, मी दिलेल्या नियमाने काम केलं. दोन, नॉर्म मी सुचवला तरी लागू साहेबांनी केला. तीन, वासंतीने हात वेळेत काढायला हवा होता. चार, प्रेसला जाळी लावणं हे माझ्या खात्याचं काम नव्हतं.

चारही मुद्दे बरोबर आहेत. उल्काला वाचून दाखवले. ती म्हणाली, हे तुम्ही कुणाला सांगताय?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एकोणिसाव्या खोक्यात एक पत्र निघालं. कार्बन कॉपी. जुलै नव्वद, म्हणजे अपघाताच्या दोन महिने आधीचं. राजलक्ष्मीबाईंनी मला लिहिलेलं, मुकुंदराव म्हणून, नावानिशी. त्यात असं आहे की नवा नॉर्म ऐकून मी चौदा नंबरची फिल्म पुन्हा पाहिली. ती बाई रिकामी थांबत नाही, समोरच्या मुलीचा हात निघाला की नाही ते बघून पाय टाकायचा की नाही हे ठरवते. तो वेळ कामातलाच आहे. तुम्ही तेविसावं माप खोडलंत, ते कृपा करून पुन्हा बघा.

मेघाश्रीला म्हटलं, मला हे पत्र कधी मिळालं नाही. टपालात गहाळ झालं असेल. ती "सरी सर", म्हणजे बरं सर, म्हणाली आणि पत्र फाइलला लावलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मिळालं होतं.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी आलं. मी वाचलं आणि हसलो. बाजूला बसणाऱ्याला वाचून दाखवलं, तोही हसला. बाईंना सांगा एक पाळी प्रेसवर उभं राहून बघा, असं काहीतरी तो म्हणाला. मी पत्र खालच्या खणात टाकलं. फेकलं नाही. फेकलं असतं तर म्हणता आलं असतं की त्याला किंमत दिली नाही. मी ते जपून ठेवलं, म्हणजे त्यात काहीतरी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं.

ऑक्टोबरात चौकशीला मला बोलावलं. भागीरथी समोर उभी होती. ती सांगत होती की पूर्वी थांबायला मिळायचं, आता नग पूर्ण झाले नाहीत तर मेमो देतात. मग साहेबांनी मला विचारलं, हे थांबणं कामाला आवश्यक होतं का? मी म्हणालो, नाही.

एवढा एकच शब्द. पत्र त्या वेळी माझ्या खणात होतं.

चौतीस वर्षांत हे मी स्वतःलाही असं सांगितलं नव्हतं. लिहिताना लाज वाटते आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संस्थेत कळवलं की पाठ धरली आहे. पाठ ठीक आहे.

उल्काला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "मला भागीरथीनं पंधरा वर्षांपूर्वीच सांगितलंय. तुम्ही 'नाही' म्हणालात तेही."

होसकोट्याची पापडवाली म्हणजे ती. पहिल्या वर्षी मंडळात ओळख झाली तेव्हा नाव ऐकून भागीरथीने विचारलं, घड्याळवाल्या मुकुंदरावांच्या का तुम्ही? मग सगळं सांगितलं, न रडता, न ओरडता. उल्का तेव्हापासून दरवर्षी तिच्याकडून पापड घेते. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्हाला माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. पंधरा वर्षं ही बाई माझ्या ताटात ते पापड वाढत होती. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

होसकोट्याला गेलो. उल्का येते म्हणाली, मी नको म्हटलं.

भागीरथीबाईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर गच्ची. गच्चीवर पापड वाळत होते. त्यांनी मला ओळखायला वेळ लावला नाही. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. बोलायला सुरुवात कशी करायची ते बसमध्ये तीनदा घोकलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. शेवटी फिल्म, पत्र, तेविसावा नग, सगळं उलटसुलट सांगितलं. 

मग म्हणाल्या की आमचं घराणं शिंप्याचं. मशीनवर बसणं म्हणजे आम्हाला जेवणाइतकं सोपं. कारखान्यातून काढल्यावर सासऱ्यांनी मशीन पुढे ठेवलं. बसले. पायडलवर पाय ठेवला आणि दाबताच येईना. सहा महिने बसून बघितलं. घरात सगळे शिवायचे आणि मी काजं-बटणं करायची, मग तीही सोडली आणि पापडाला लागले. पापडाला पाय लागत नाही.

मी म्हटलं, चूक तुमची नव्हती. असं म्हटल्यावर बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

"साहेब, पाय तर माझाच होता ना? तो नॉर्म तुमचा असेल. बोर्डावरचं नाव तुमचं असेल. वासंतीच्या हातावर गेला तो पाय माझा. त्याला मी काय करू?"

वासंतीला नंतर भेटलात का, विचारलं. दोनदा गेले, म्हणाल्या. पहिल्यांदा तिच्या थोरल्या भावाने दार लावलं, दुसऱ्यांदा दार उघडलंच नाही. ती अजून शिवाजीनगरलाच असते, कापडाच्या दुकानावरच्या खोल्यांत. मी बसने तिथून जाते तेव्हा वर बघत नाही.

निघताना सांगितलं की फिल्म बघायला या, तीन मार्चला. येईन म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

सोमवार, ३ मार्च

आल्या. एकट्या, दोन बस बदलून. मेघाश्रीने त्यांना अक्का म्हणून हाक मारली आणि माझी खुर्ची त्यांना दिली. मी मागे उभा राहिलो. कारखान्यातही मी असाच त्यांच्या मागे उभा असायचो, हे मग लक्षात आलं आणि मी बाजूला सरकलो.

फिल्म लागली. पडद्यावर अठ्ठावीस वर्षांच्या भागीरथीबाई. त्यांनी स्वतःकडे बघितलंही नाही. तेविसावा नग आला तेव्हा मी बोटाने दाखवायला गेलो, मेघाश्रीने माझा हात हलकेच धरला. चाळीस नग संपले. बाई म्हणाल्या, पुन्हा लाव. पुन्हा लावली. संपली, तर पुन्हा एकदा.

तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही. मी म्हटलं, बघा, तुम्ही प्रत्येक वेळी थांबता आहात, यात स्पष्ट दिसतंय.

"मी ते बघत नाहीये. तिची बोटं बघतेय. प्रत्येक वेळी पाचही बाहेर येतात."

मेघाश्री उठून बाहेर गेली. मी तिथेच उभा राहिलो. मला रडू आलं. वयाने माणूस हळवा होतो म्हणतात, पण हे वयाचं नव्हतं.

मंगळवार, ४ मार्च

चौदा नंबरखालचा मजकूर लिहून दिला. इथे उतरवून ठेवतो.

'पॉवर प्रेसवर दोन कामगार. पायडल चालवणाऱ्या भागीरथी या प्रत्येक नगाला सुमारे पाऊण सेकंद थांबतात. समोरच्या कामगाराचा, वासंती यांचा, हात डायखालून निघाल्याची त्या खात्री करतात. टाइम स्टडी करणारे मुकुंदराव यांनी हा वेळ अनावश्यक ठरवून काढून टाकला. तेविसावं माप त्यांनी खोडलं. त्या वेळी वासंती यांचा हात अडकला होता आणि भागीरथी यांच्या थांबण्यामुळे तो वाचला. डॉ. राजलक्ष्मी यांनी मुकुंदराव यांना याबाबत लेखी कळवलं होतं. मुकुंदराव यांना ते पत्र मिळालं होतं. सप्टेंबर १९९० मध्ये याच प्रेसवर अपघात झाला. चौकशीत थांबणं आवश्यक होतं का, असं विचारल्यावर मुकुंदराव यांनी नाही असं सांगितलं. ते खरं नव्हतं. हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे.'

मेघाश्रीने दोनदा वाचलं. तुमचं नाव ठेवायचं ना, एवढंच विचारलं. ठेव म्हटलं. मग मी विचारलं की हे सगळं तुला आधीच कळलं होतं का. ती म्हणाली, फिल्म आणि पत्र मी मागच्या वर्षीच बघितलं होतं. मी लिहिलं असतं तर तो माझा अंदाज झाला असता, म्हणून एकच कागद आहे म्हणाले.

म्हणजे माझ्यासारखा जाणकार हवा होता म्हणून मला बोलावलं, हा माझाच गैरसमज. दोन महिने कॉलर ताठ करून जात होतो.

भागीरथीबाईंना फोनवर मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, कागदावर लिहिलंत, बरं केलंत. पण कागद वाचायला वासंती कुठे येणार? तिला तुम्ही तोंडाने सांगायचं. मी दाखवीन घर.

रविवार, ९ मार्च

शिवाजीनगरला साडेदहाला पोचलो. भागीरथीबाई आधीच येऊन उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून. दुकानाच्या बाजूचा जिना दाखवला. तुम्ही चला म्हटलं तर मान हलवली. खालीच पायरीशी उभ्या राहिल्या.

दार वासंतीने स्वतःच उघडलं. चौपन्न वर्षांची बाई, चष्मा, केस पिकलेले. मी तिला एकोणीस वर्षांची शेवटची पाहिली होती. मी नाव सांगितलं. तिने आत घेतलं. थोरला भाऊ वारला म्हणे तीन वर्षांपूर्वी. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता.

मी बसलो नाही. या वेळी घोकलंही नव्हतं. फिल्मचं सांगितलं, पत्राचं सांगितलं. ती ऐकत होती, डाव्या हाताने उजवा हात झाकून. माझं अर्धवट झालेलं असतानाच तिने हाताने थांबवलं.

"अक्का थांबायची, हे मला कुणी सांगायला नको. तिच्या भरवशावर तर मी हात घालत होते. त्या दिवशी ती का थांबली नाही, एवढं एकच विचारायचं होतं मला. दादांनी कधी भेटू दिलं नाही, मग इतकी वर्षं गेली की कसं विचारायचं तेच कळेना."

मी म्हटलं, "मी थांबू दिलं नाही. तेवढा वेळ मी काढून टाकला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या देईल असं वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं. तिने दिल्या नाहीत. म्हणाली, बरं. मग विचारलं, ती कुठे असते आता? मी म्हटलं, खाली उभ्या आहेत.

ती चपला न घालता जिना उतरली. 

मी खिडकीशी गेलो. खाली रविवारच्या बाजाराची गर्दी, रिक्षा, हातगाड्या. भागीरथीबाई दुकानाच्या पायरीला पाठ लावून उभ्या होत्या. वासंती समोर जाऊन थांबली. दोघींमध्ये हातभर अंतर होतं आणि बराच वेळ कुणीच काही केलं नाही. मग वासंतीने उजवा हात पुढे केला, तीन बोटांचा. भागीरथीबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि उघडून बघितला, लहान मुलाचा हात बघतात तसा.

पुढे त्या खूप वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मला वर ऐकू आलं नाही. मला कुणी खाली बोलावलं नाही. मी त्या परक्या घरात, हार घातलेल्या फोटोसमोर, त्यांचं होईपर्यंत उभा राहिलो.